भिंगताईंचे नवे शब्द

आमच्या चष्म्याच्या दुकानाला मागच्या बाजूला एक अरुंद खोली आहे. पुढे आरसे, दिवे, फ्रेमांनी भरलेल्या भिंती आणि आमचं गोड बोलणं. मागे मात्र पाण्याची बारीक धार, काच घासल्याचा चरचर आवाज आणि बादलीत साचलेला पांढरा गाळ. त्या खोलीत भिंगताईंनी आपली उमेदीची सगळी वर्षं घालवली. गिऱ्हाइकाच्या नंबरची काच फ्रेमच्या आकारात कापून, कडा घासून, नेमकी बसवायची हे त्यांचं काम. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कानावर यायचं. एरवी मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या त्या भिंगताईच.

मी पुढच्या काउंटरवर. जेवायला मात्र मी त्यांच्या खोलीत जायची, कारण पुढे डबा उघडायची बंदी होती आणि मागे बोलायला बंदी नव्हती.

ताईंनी लग्न केलं नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. आईचं करायचं, भावाचं करायचं आणि दुकानात यायचं, यात लग्नाची गोष्ट मागे पडत गेली आणि मग कुणी काढेनासंच झालं. आई गेली. भाऊ मोठा झाला, त्याने एक मालवाहू गाडी घेतली, लग्न केलं, संसाराला लागला. ताई त्याला ‘धाकटा’च म्हणायच्या. तो आला की दुकानात हशा पिकायचा. मला ‘काउंटर मॅडम’ म्हणायचा, मालकाची नक्कल मालकासमोर करून दाखवायचा आणि मालकही हसायचा. हातचं राखून वागणारा माणूस नव्हता तो. ताईंचा नळ गळला, पंखा अडकला, की निरोप मिळायचा अवकाश, पाना घेऊन हजर.

क्रिप्टोचं, म्हणजे इंटरनेटवरच्या नाण्यांचं, वेडही त्यानेच आणलं. त्या वेळी त्याच्या गाडीवाल्या मित्रांत सगळे त्याच नादात होते. ताईंना तो म्हणाला, “बँकेत ठेवून काय होतं ताई? कासवाच्या पाठीवर बसून गाव गाठायचंय का तुला?” ताई अशा कुठल्याही गोष्टीला भुलणाऱ्या नव्हत्या, पण तो म्हणतोय म्हणून त्यांनी शिल्लक टाकायला सुरुवात केली. भावाने त्यांच्या फोनवर वॉलेटचं, म्हणजे त्या नाण्यांच्या पाकिटाचं, अ‍ॅप घातलं. अ‍ॅपने किल्ली म्हणून दिलेले बारा शब्द त्याने स्वतःच्या हाताने कार्डावर उतरवले, कार्ड ताईंना दिलं आणि एक प्रत आपल्याकडे ठेवली. “तू विसरलीस तर मी आहे, मी मेलो तर तू आहेस,” असं म्हणून त्याने टाळी दिली होती. पुढे मित्रांचे हात पोळले, भावानेही घाईत विकून टाकलं. ताईंनी मात्र हात लावला नाही. त्यांची घाई करायची सवयच नव्हती. भाव पडो की चढो, दर महिन्याला थोडं थोडं टाकत राहिल्या, आणि त्यातून स्वतःच्या नावावर एक खोली घेता येईल इतकं खरोखरच उभं राहिलं.

मग एके दिवशी त्या अ‍ॅपवर सूचना आली. कंपनी गाशा गुंडाळतेय, अ‍ॅप यापुढे चालवणार नाही, तेव्हा सगळ्यांनी आपापली नाणी दुसऱ्या वॉलेटमध्ये न्यावीत. पाठोपाठ ताईंच्या फोनवर मेसेजांचा पाऊस सुरू झाला. ‘आमच्या लिंकवर बारा शब्द टाका, आम्ही तुमचं वॉलेट हलवून देतो.’ ताई मला दाखवायच्या आणि म्हणायच्या, “बघ, मेलेल्या ढोराभोवती गिधाडं कशी जमतात.”

भावाला विचारलं तर तो म्हणाला, “अगं, दोन मिनिटांचं काम. नवीन अ‍ॅप घे, त्यात तेच बारा शब्द टाक. झालं!”

ताईंचं समाधान झालं नाही. आमच्याकडे एक बाई चष्म्याला यायच्या. दुकानात आम्ही गिऱ्हाइकांना त्यांच्या फ्रेमवरून ओळखतो, म्हणून त्या आमच्या जांभळ्या फ्रेमवाल्या बाई. कुठल्याशा कार्यालयात संगणकांच्या सुरक्षेचं काम करायच्या. जवळचा आणि लांबचा नंबर एकाच काचेत हवा असल्याने त्यांचा चष्मा दोनदा परत आला होता आणि ताईंनी तो स्वतः बसून नीट करून दिला होता. त्या आल्या तशा ताईंनी त्यांना आत बोलावलं. मीही होते.

“ताकाला जाऊन भांडं लपवत नाही,” ताई म्हणाल्या. “मला माझं पाकीट हलवायचंय आणि मला त्यातलं काही कळत नाही.”

बाईंनी स्टूल ओढून घेतलं. म्हणाल्या, “आधी एक समजून घ्या. तुमची नाणी अ‍ॅपमध्ये नाहीतच. अ‍ॅप म्हणजे नुसतं बघायचं आणि हुकूम द्यायचं साधन. मालकी त्या बारा शब्दांत आहे. ज्याच्याकडे शब्द, त्याची नाणी. नव्या अ‍ॅपमध्ये जुनेच शब्द टाकलेत तर अ‍ॅप बदलेल, पण किल्ली तीच राहील. हे शब्द आणखी कुणाकडे आहेत?”

“धाकट्याकडे. माझ्या भावाकडे. मीच वाढवलाय त्याला.”

“कागदावर?”

“कागद आहेच. पण त्याने फोटो काढून फोनमध्येही ठेवला होता. तो फोन आता त्याच्याकडे नाही. विकला बहुतेक. त्याच्या आधी एकदा दुरुस्तीलाही होता.”

बाई भावाबद्दल काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “फोटो कुठे कुठे पोचला ते सांगता येत नाही. मी तुमच्या जागी असते तर नवीन वॉलेट, नवीन शब्द, आणि सगळी नाणी तिकडे पाठवली असती. पण ठरवायचं तुम्ही.”

ताईंनी ठरवायला बरेच दिवस घेतले. एकदा मला म्हणाल्या, “नवीन शब्द घेतले तर त्याला वाटेल, मी त्याला चोर समजते.” मी म्हटलं, “फोनचं कारण सांगा ना.” त्यावर त्या म्हणाल्या, “कारण सांगितलं की माणूस कारण ऐकत नाही, आपल्याला काय म्हटलं तेवढंच ऐकतो.”

शेवटी त्यांनी नवीनच घेतलं. सुटीच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेले होते. खाली छापखाना, वर ताईंची भाड्याची खोली. यंत्र चालू झालं की टेबलावरचा पेला थरथरायचा. त्या दिवशी छापखाना बंद होता. बाईंनी सांगितलं होतं तसं ताईंनी अ‍ॅप कुठल्या लिंकवरून घेतलं नाही. कंपनीचा पत्ता स्वतः अक्षर अक्षर टाकून तिथून घेतलं. नवे शब्द कागदावर उतरवले, फोटो काढला नाही. मग अ‍ॅप पुसून टाकलं, पुन्हा घातलं आणि कागदावरच्या शब्दांनी तेच रिकामं वॉलेट परत उघडतंय का हे पाहिलं. “रिकामं आहे तोवरच चूक करून घ्यायची,” असं त्या पुटपुटल्या. मग आधी अगदी चिमूटभर रक्कम पाठवली. पाठवताना नाणी ज्या नेटवर्कवरून जातात ते दोन्हीकडे एकच आहे ना ते पाहिलं, आणि पत्त्याची नुसती टोकं नाही तर मधली अक्षरंही मला मोठ्याने वाचायला लावली. ती चिमूट पोचली तेव्हा ताई उठून पाणी प्यायल्या. मग बाकीची पाठवली.

एक भाग मात्र हलला नाही. काही नाणी त्यांनी व्याजासारखी वाढ मिळावी म्हणून अडकवून ठेवली होती. ती सोडवायला सांगितली तर उत्तर आलं की काही आठवडे थांबा. मुदत भरली की ती आपोआप जुन्याच वॉलेटमध्ये येतील. बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “त्याला इलाज नाही. सुटतील त्या क्षणी उचला. तोवर जुने शब्द ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही ती दिसणार आणि उचलताही येणार.” रक्कम थोडी नव्हती, पण गेली तर ताई बुडतील अशीही नव्हती.

पुढच्या रविवारी धाकटा नळ दुरुस्त करायला आला. ताईंच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी सांगून टाकलं. हे मला दुसऱ्या दिवशी त्यांनीच शब्द न् शब्द सांगितलं.

“जुनेच शब्द टाकलेस ना?” तो नळाखाली वाकलेला होता.

“नाही रे. नवीन घेतले. तुझा तो फोन कुणाच्या हातात आहे कोण जाणे, म्हणून.”

“बरं केलंस. मग त्याची एक प्रत दे मला. पहिल्यासारखी.”

ताई चहाचं आधण ठेवायला वळल्या.

“ताई?”

“या वेळी एकच केलीये.”

तो नळाखालून बाहेर आला. पाना पुसला. “म्हणजे फोनचा प्रश्न नाहीये,” म्हणाला.

“तसं नाही धाकट्या. तू पुन्हा फोटो काढशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.”

“माझा स्वभाव तुला माहीत आहे, हेच म्हणतोय मी.” त्याने नळ पुरता आवळला, गळत नाही ना हे बघितलं आणि चहा न घेता गेला.

त्यानंतर तो दुकानात आला नाही. पण त्याचं बोलणं मात्र नातेवाइकांत पोचलं. मावशीचा फोन आला, चुलत बहिणीचा आला. ‘पैशापायी भाऊ तोडलास?’ ‘त्यानेच तुला हे शिकवलं आणि त्यालाच दाराबाहेर उभं केलंस?’ एका काकांनी तर ‘सापालाही दूध पाजलं तर’ अशी सुरुवात केली आणि मग साप कोण हे लक्षात आल्यावर फोन ठेवला. ताई कुणाला उत्तर देत नसत. काचा मात्र बिघडायला लागल्या. एका आठवड्यात दोन भिंगं त्यांनी उलट्या बाजूने घासली. इतक्या वर्षांत असं झालेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

आणि मग तो सोमवार आला. अडकलेली नाणी त्या दिवशी सकाळी सुटणार होती. ताईंनी मशीन बंद ठेवून जुनं वॉलेट उघडलं. मी काउंटरवर काच पुसत होते. त्यांनी हाक मारली तेव्हा आवाज वेगळाच होता.

नाणी आली होती आणि गेलीही होती. आल्यावर काही मिनिटांतच कुणीतरी ती सगळी दुसऱ्या कुठल्यातरी पत्त्यावर नेली होती. कुणीतरी टपून बसलेलं होतं.

मला वाटलं, ताई आता रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांचा चेहरा, आता कसं सांगू, उजळला. “बघ!” म्हणाल्या. “मी म्हणत होते ना! फोनमधून गेले शब्द. त्याच्या फोटोतून. आता तरी त्याला पटेल की मी त्याला चोर म्हणत नव्हते!”

माझ्या मनात आलं ते ताईंच्या मनात येत नव्हतं की त्यांनी येऊ दिलं नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

“चल माझ्याबरोबर,” त्या म्हणाल्या. “त्याला सावध करायला हवं. त्याचंही आणखी काही त्या फोनमध्ये असेल. आणि मी एकटी गेले तर तो दारातूनच परत पाठवेल.”

मालकाला सांगून आम्ही दोघी निघालो. वाटेत ताई भराभर चालत होत्या आणि काय काय बोलायचं ते मला म्हणून दाखवत होत्या. तक्रार द्यायची, त्याचा आत्ताचा फोनही तपासून घ्यायचा, मावशीला दोघांनी मिळून फोन करायचा. कित्येक आठवड्यांत त्या एवढं बोलल्या नव्हत्या.

भावाची गाडी ज्या आवारात उभी असायची तिथेच त्याची एका खोलीची कचेरी होती. गाडी जॅकवर चढवलेली होती. तो खाली बसून चाकाचे नट आवळत होता. आम्हाला पाहून उठला, पण पुढे आला नाही. तेवढ्यात कचेरीतून भावजय बाहेर आली. हसून म्हणाली, “अगंबाई, वन्सं! बरं झालं आलात. मी फोन करणारच होते. यांनी सकाळी सांगितलं, तुम्ही पैसे पाठवलेत म्हणून, आणि ओळखीच्या टायरवाल्याने लगेच टायर आणून दिले. खरंच, वेळेवर आलात धावून. टायर इतके झिजले होते की मला रात्री झोप लागायची नाही. चला, तुमच्यातलं मिटलं एकदाचं.”

नवे चारही टायर तिथेच होते. दोन चढवलेले, दोन भिंतीला टेकवलेले, त्यांच्यावरचा कागदही अजून निघाला नव्हता.

ताईंनी टायरांकडे पाहिलं, मग भावाकडे. तो हातातल्या पान्याकडे बघत होता. मला वाटलं, आता होणार. मी त्यांचा दंड धरला.

“हो,” ताई म्हणाल्या. “म्हटलं, पोचले का ते बघून यावं.”

“आत या ना, चहा टाकते.”

“नको, दुकान उघडं टाकून आलोय.”

आम्ही फाटकापर्यंत आलो तेव्हा तो मागून आला. ताई थांबल्या, पण वळल्या नाहीत. तो त्यांच्या पाठीशीच बोलला.

“ताई, एवढी वर्षं ते शब्द माझ्याकडे होते. एकदा तरी हात लावला का मी? सांग ना. गाडी बंद पडून दोन महिने घरी बसलो होतो तेव्हाही नाही लावला. तू मला चोर ठरवून मोकळी झालीस. मग म्हटलं, नाव झालंच आहे तर होऊनच दाखवू.”

“मागितले असतेस तर दिले असते,” ताई म्हणाल्या.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “म्हणूनच नाही मागितले.”

ताई चालायला लागल्या. दुकानात येऊन मशीन चालू केलं, आणि त्या दिवशीची सगळी भिंगं अगदी नेमकी बसवली.

नातेवाइकांना त्यांनी काही सांगितलं नाही. मी म्हटलं, “सगळे तुमच्या नावाने बोटं मोडतायत आणि तुम्ही गप्प. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ही.” त्या म्हणाल्या, “भावजयीला कळलं तर घर मोडेल. आणि मावशीला सांगून मला काय मिळणार? ती म्हणेल, बघ, तूच त्याला भरीला घातलंस. खोटं थोडंच म्हणेल?”

हाच काटा त्यांच्या मनात रुतून बसला. जेवताना मध्येच घास खाली ठेवून विचारायच्या, “मी जुनेच शब्द ठेवले असते तर?”

“तर सगळंच गेलं असतं, ताई.”

“किंवा काहीच गेलं नसतं.”

जांभळ्या फ्रेमवाल्या बाईंना ताईंनी झालं ते सांगितलं, भावाचं नाव न घेता. त्या म्हणाल्या, “तुम्ही सगळं बरोबर केलंत. अगदी शिकवावं असं.” ताईंनी मान डोलावली. बरोबर केलं होतं, यात त्यांनाही शंका नव्हती. त्याचाच त्यांना राग होता.

पुढे ताईंनी खोली घेतली. छोटीच, पण त्यांच्या नावावर. वास्तविक ती भावाला दाखवायची त्यांची केवढी हौस होती! कुठली भिंत कुठल्या रंगाची, हे तो ठरवणार होता. रंगाऱ्याने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “सगळ्या पांढऱ्या करा.” भावजय एकदा येऊन गेली, एकटीच. “यांना गाडीमुळे वेळच नाही हो वन्सं,” म्हणाली. तिला अजूनही वाटतं, टायर ताईंनी दिले. ताईंनी तिला चहा दिला आणि गाडी कशी चाललीय ते विचारलं.

खोली घेऊनही नव्या वॉलेटमध्ये थोडं उरलं होतं आणि ताई अजून त्यात टाकत होत्या. बाई पुन्हा नंबर तपासायला आल्या तेव्हा सहज म्हणाल्या, “एक राहिलं. तुमच्यानंतर ते शब्द कुणाला मिळतील, याची काही सोय केलीत का? नाही तर तुमच्याबरोबर सगळंच जाईल. दुनियेतल्या कुणालाच ते काढता येणार नाही.”

“बघते,” ताई म्हणाल्या.

त्या दिवशी डबा खाताना त्या मला म्हणाल्या, “तू ठेवशील का? लिफाफ्यात बंद करून देते. मी गेल्यावरच उघडायचं.”

मी लगेच नाही म्हटलं. विचार करायलासुद्धा थांबले नाही. “नको ताई,” म्हटलं. “उद्या तुमचं काही इकडचं तिकडे झालं, तर तुम्ही आधी माझं तोंड बघाल. आणि मी तुमचं.”

मला वाटलं, त्यांना लागेल. पण त्या हसल्या. खूप दिवसांनी हसल्या, आणि ते हसू मला आवडलं नाही.

“शहाणी आहेस,” म्हणाल्या. “धाकट्याला हे सुचायला हवं होतं.”

मग डब्याचं झाकण लावलं आणि हात धुवायला गेल्या.